अठ्ठावीस पौंडांचा हट्ट

बॅडमिंटनची बरी रॅकेट ८० ते ८९ ग्रॅम भरते. मूठ, शाफ्ट, फ्रेम, रंग, वरची चकचकीत नावं, सगळं धरून. या एवढ्याशा वस्तूचं २८ पौंडांनी गटिंग करून घेतलं, म्हणजे त्या ताणानं तारा ओवून घेतल्या, की उभ्या २२ तारांतली प्रत्येक तार १२.७ किलोनं ओढू लागते. बावीस तारांचे मिळून झाले २७९ किलो. फ्रेमच्या बरोबर मधून आडवी रेघ मारली, तर हा भार पेलायला तिथे उरतात फक्त डाव्या-उजव्या बाजूच्या दोन नळ्या. एकेका नळीवर जवळपास १४० किलोंचा दाब. नळी जेमतेम सेंटिमीटरभर रुंद, आतून पोकळ, आणि तारा ओवण्यासाठी फ्रेमला सत्तरच्या वर भोकं. घर्षणामुळे आणि क्लॅम्पमध्ये तार थोडी सरकल्यामुळे प्रत्यक्षातला ताण काहीसा कमी भरतो, पण हिशोब फारसा बदलत नाही. आडव्या तारा ओढल्या की साधारण तेवढाच भार फ्रेमच्या माथ्यावर आणि तळाशी येतो. आणि हे सगळं रॅकेट खुंटीला टांगलेली असताना. फुलाला अजून कुणी हात लावलेला नाही.

कोल्हापुरातून पुण्याच्या दिशेनं पंचगंगेचा पूल ओलांडला की शिरोली पुलाची आणि तिच्यालगतची एमआयडीसी लागते. २०१९ आणि २०२१च्या महापुरात महामार्ग इथेच पाण्याखाली गेला, तेव्हा राज्यभर या गावाचं नाव झालं. एरवी शिरोलीची ओळख ओतकामाची. गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पट्ट्याबरोबर इथल्या फौंड्र्या वाहनं, ट्रॅक्टर, पंप आणि इंजिनांसाठी कास्टिंग पुरवतात. ‘स्मॅक’ ही इथल्या उद्योजकांची संघटना. कोल्हापूरचा खेळ म्हणजे खासबागेतली कुस्ती आणि शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल, हे खरंच. पण शिफ्ट सुटल्यावर हॉल गाठून तास-दीड तास डबल्स खेळणारे इंजिनिअर, सुपरवायझर आणि वर्कशॉपवाले या भागात आता नवलाचे राहिलेले नाहीत. चार महिने खेळून झाले, स्मॅश जरा बसू लागला, की यांतले बहुतेक जण एक हट्ट धरतात: गटिंग २८नं हवं आणि रॅकेट टिकायला हवी.

या माणसांना रॅकेटची गोष्ट त्यांच्याच धंद्याच्या भाषेत सांगता येते. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न यांतला फरक शिरोलीत पोरासोरांना ठाऊक असतो. ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइट पातळ पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं. दाबाखाली ते भक्कम, पण ओढलं किंवा घाव घातला की न वाकता तुकडा पडतो. मॅग्नेशियम घालून एसजी केलं की ग्रॅफाइटचे गोळे होतात आणि कास्टिंग तुटण्याआधी थोडं वाकतं, म्हणजे माणसाला खबर देतं. रॅकेटची फ्रेम दिसायला कितीही लवचीक असली तरी वागते ग्रे आयर्नसारखी. कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारी इपॉक्सी यांचा तो थर. तो वाकतो आणि पुन्हा जागेवर येतो, असं हजारो वेळा. पण हद्द ओलांडली की स्टीलसारखा कायमचा वाकून इशारा देत नाही. एक ‘टक’ आवाज येतो आणि खेळ संपतो.

आता रॅकेटवर छापलेल्या आकड्याकडे येऊ. मुठीच्या वरच्या शंकूसारख्या भागावर किंवा शाफ्टच्या बुडाशी बारीक अक्षरांत टेन्शनची मर्यादा असते. योनेक्सच्या ॲस्ट्रॉक्स ८८डी प्रोवर ४यू वजनात २० ते २८ पौंड आणि ३यू वजनात २१ ते २९ पौंड छापलेलं असतं. ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, ३यू म्हणजे ८५ ते ८९. मॉडेल तेच, नाव तेच; वजनाचा गट एक पायरी वर गेला तर कंपनी एक पौंड जास्त सोसायला तयार होते. टिकाऊपणा शोधणाऱ्यानं सगळ्यात आधी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे, आणि दुकानात नेमकी हीच कुणी विचारत नाही. हल्ली सगळ्यांना हलकी रॅकेट हवी असते. ५यू घ्यायची, म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम, आणि तिच्यावर तीस पौंड मागायचे. वजन कमी करायचं तर मालच कमी करावा लागतो. फ्रेममधून तो काढून घ्यायचा आणि वर तिच्याकडून जास्त भार उचलून घ्यायचा, हा व्यवहार कुठल्याच फौंड्रीत चालणार नाही.

बाजारात ३५, ३८ पौंड छापलेल्या स्वस्त रॅकेटही मिळतात. हा आकडा तपासायचा कसा? तपासायला काही नाहीच. जागतिक बॅडमिंटन महासंघाचे नियम रॅकेटच्या मापांवर मर्यादा घालतात: एकूण लांबी ६८० मिलिमीटरपर्यंत, रुंदी २३०पर्यंत, तारांचा भाग २८० बाय २२०पर्यंत. टेन्शनबद्दल त्यांत एक अक्षर नाही. म्हणजे फ्रेमवरचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या चाचणीवर आणि आपापल्या हिमतीवर ठरवते. एका कंपनीचे २८ आणि दुसरीचे ३५ शेजारी ठेवून मजबुती तोलणं व्यर्थ आहे. छापील आकडा मुळात वॉरंटीची हद्द सांगतो: इथपर्यंत आम्ही, पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब. जबाबदार कंपनी हा आकडा जपून लिहिते, कारण परत आलेली रॅकेट तिलाच बदलून द्यायची असते. ज्या ब्रँडची वॉरंटीच नाही, त्यानं पन्नास लिहिले तरी त्याचं काय जातं?

असाच घोळ कार्बनच्या प्रतीचा. जाहिरातीत २४टी, ३०टी, ४०टी, ४६टी असे आकडे चढत जातात आणि गिऱ्हाईक समजतं, आकडा मोठा म्हणजे माल दणकट. हा आकडा धाग्याचा ताठपणा सांगतो, एका चौरस मिलिमीटरमागे किती टन या हिशोबानं. ताठ धागा कमी ताणला जातो, त्यामुळे फ्रेम चटकन जागेवर येते आणि फटका धारदार निघतो. पण ताठपणा आणि सोशिकपणा सहसा एकत्र नांदत नाहीत. तोरे या जपानी कंपनीचा टी७०० हा धागा तुटण्याआधी साधारण २.१ टक्के ताणला जातो. त्याच कंपनीचा एम४०जे हा कितीतरी ताठ धागा १.२ टक्क्यांतच तुटतो. डबल्समध्ये जोडीदाराची रॅकेट आपल्या फ्रेमवर आदळते, म्हणजे क्लॅश होतो, तेव्हा कामाला येते ती ही ताणली जाण्याची क्षमता. म्हणून चांगल्या कंपन्या सगळी फ्रेम एकाच प्रतीत करत नाहीत. कुठे ताठ, कुठे चिवट असे थर लावतात. निव्वळ ४६टीच्या शिक्क्यावर भुलून रॅकेट घेणाऱ्याला ताठपणा मिळतो. टिकाऊपणा मिळेलच याची हमी कुणी दिलेली नसते.

दुकानात रॅकेट हातात आली की काय पाहावं? फ्रेमचा छेद. बोटांनी चाचपून कळतो. चौकोनी, पेटीसारख्या छेदाची फ्रेम हवेत थोडी जड वाटते पण पिळाला आणि टेन्शनला चांगली उभी राहते. अगदी पातळ, पात्यासारखी फ्रेम हवा भरकन कापते आणि तेवढीच नाजूक असते. मग ग्रोमेट, म्हणजे भोकांतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या. या दोन-चार रुपयांच्या वस्तूवर हजारोंची फ्रेम टिकून असते. ग्रोमेट फाटला की कार्बनच्या कडेवर तार घासते. आधी तार तुटते, आणि तसंच खेळत राहिलं तर ताणलेली तार भोकाच्या कडेत रुतून तिथूनच चीर सुरू होते. त्या मॉडेलचे सुटे ग्रोमेट मिळतात का, हे विकत घेतानाच विचारावं. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि स्टीलचा शाफ्ट, मध्ये दिसणारा टी-आकाराचा जोड, अशा जोडीनं मिळणाऱ्या रॅकेटचा इथे विचारच नको. अंगणात, गच्चीवर खेळायला त्या छान असतात. २४ पौंडांना त्यांच्या फ्रेमचा आकारच बिघडतो.

शाफ्ट ताठ की लवचीक, तोल डोक्याकडे की मुठीकडे, हे प्रश्न खेळाच्या पद्धतीचे आहेत. टिकाऊपणाशी त्यांचा संबंध थोडा.

खरं नुकसान होतं ते गटिंगच्या टेबलावर, आणि यावर जरा थांबायला हवं. मशीनवर फ्रेम बसवतात तेव्हा ती किती ठिकाणी धरली आहे ते पाहावं. दोनच ठिकाणी, माथ्याशी आणि तळाशी, धरणारी जुनी मशीनं अजून बऱ्याच दुकानांत आहेत. सहा ठिकाणी धरणारं मशीन फ्रेमला बाजूंनीही आधार देतं. उभ्या तारा मधून सुरू करून आळीपाळीनं डावी-उजवी अशा ओढत जातात. एका बाजूच्या तारा दुसऱ्या बाजूच्या फार पुढे गेल्या की फ्रेम तिरकी खेचली जाते. सगळ्या उभ्या तारा ओढून झाल्या, की त्या क्षणी फ्रेमवर सुरुवातीला सांगितलेले २७९ किलो एकाच दिशेनं बसलेले असतात. माथा खाली दबलेला, बाजू फुगलेल्या. ही सबंध कामातली सगळ्यात धोक्याची वेळ. याच वेळी कुणी चहाला गेला, किंवा ‘उरलेलं उद्या’ म्हणून फ्रेम तशीच मशीनवर ठेवली, तर तिचं आयुष्य तिथेच कमी होतं. आडव्या तारा ओढत नेल्या की फ्रेम हळूहळू मूळ आकारावर येते. आडव्यांना उभ्यांपेक्षा साधारण दोन पौंड जास्त देतात ते याचसाठी. २८ची मागणी म्हणजे उभ्या २८, आडव्या ३०. आणि छापील मर्यादा २८ असेल, तर ते तीस आधीच हद्दीबाहेर गेलेले असतात.

व्हर्निअर हाताळणाऱ्या माणसाला याची तपासणी सोपी आहे. नवी, तारा नसलेली फ्रेम आतून उभी आणि आडवी मोजून आकडे लिहून ठेवावेत. गटिंगनंतर पुन्हा मोजावं. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालून जातो. चार-पाच मिलिमीटरनं फ्रेम आखूड होऊन रुंदावली असेल, तर गटिंगवाला बदलावा. रॅकेट बदलून उपयोग नाही.

मशीनचंही तसंच. शिरोलीतल्या बऱ्याच कारखान्यांत गेज, मायक्रोमीटर, वजनकाटे ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेट होतात, कारण ऑडिटला येणारा माणूस पहिल्यांदा त्यांवरचा स्टिकर बघतो. गटिंगच्या मशीनला असा स्टिकर विरळाच. हातानं फिरवायच्या क्रँकच्या मशीनवर ठरलेला ताण आला की ओढ कुलूपबंद होते. तेवढ्यात तार सैलावते आणि ताण उतरतो. इलेक्ट्रॉनिक मशीन मात्र क्लॅम्प लागेपर्यंत ओढत राहतं. त्यामुळे एका दुकानातले २६ आणि दुसऱ्या दुकानातले २६ हातात वेगळे लागतात. क्रँकवाल्याकडे २८ची सवय झालेला खेळाडू पुण्याला इलेक्ट्रॉनिक मशीनवर तोच आकडा सांगतो, तेव्हा फ्रेमला नेहमीपेक्षा बराच जास्त भार सोसावा लागतो आणि दोष कंपनीच्या माथी जातो. साधा हुकाचा स्प्रिंगकाटा मशीनच्या ओढीला लावून आकडा पडताळता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. गटिंगवाल्याशी ओळख असेल तर तो करूनही देतो.

तार कोणती, हाही प्रश्न फ्रेमच्या आयुष्याशी जोडलेला आहे. बीजी ६५ ही ०.७० मिलिमीटरची तार वर्षानुवर्षं हॉलमधली लाडकी, कारण ती टिकते. बीजी ६६ अल्टिमॅक्स ०.६५ची, आवाज कडक, उडी जास्त, आयुष्य कमी. बारीक तार आणि मोठं टेन्शन एकत्र आलं की तार सारखी तुटते. तार तुटली की खेळाडू हळहळतो पैशासाठी, पण त्या क्षणी फ्रेमवरचा भार एका बाजूनं सुटलेला असतो. म्हणून तार तुटली की तिथेच, खेळ थांबवून, उरलेल्या तारा मधून बाहेरच्या दिशेनं उभ्या-आडव्या मिळून कापून टाकाव्यात. घरी जाऊन, जेवून, रविवारी दुकानात नेऊ म्हणत तशीच ठेवलेली रॅकेट आठवडाभर वाकड्या भाराखाली राहते. हॉलवर कात्री ठेवायला काही खर्च येत नाही.

मुळात इतकं टेन्शन हवं कुणाला? जास्त ताणलेली जाळी फुलाला कमी वेळ धरते. दिशा नेमकी मिळते, पण जोर हातातून काढावा लागतो, आणि फूल नेमकं मधल्या छोट्या भागावर यावं लागतं. कडेला लागलं तर फटका मेलेला आणि फ्रेमला हादरा. २४ पौंडांवर हाच मधला भाग मोठा असतो आणि जाळी स्वतःहून जोर देते. आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळणाऱ्याला २३ ते २५ पौंड पुरतात, क्वचित २६. हे ऐकलं की बरेच जण नाराज होतात. पण २८वरून २४वर आलं तर फ्रेमच्या दोन बाजूंवरचा एकूण भार जवळपास ४० किलोंनी उतरतो. एवढा फरक दुसरी कुठलीही महाग रॅकेट घेऊन मिळणार नाही.

आंतरराष्ट्रीय पुरुष खेळाडू तीसच्या आसपास खेळतात, हा दाखला नेहमी पुढे येतो. त्यांच्या बॅगेत अर्धा डझन रॅकेट असतात, स्पर्धेच्या ठिकाणी गटिंगवाले बसलेले असतात, आणि तुटलेल्या फ्रेमचं बिल प्रायोजक भरतो. मुंबईच्या चिराग शेट्टीचा जोडीदार सात्विकसाईराज रंकिरेड्डी यानं १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारला आणि तो गिनीज बुकात गेला. त्या मनगटाला आणि खांद्याला जे टेन्शन शोभतं, ते पाहून आपण गटिंग ठरवणं म्हणजे नाद खुळाच. शिवाय या भागात उलट बाजूचंही एक नाव आहे. नंदू नाटेकर सांगलीत १९३३ साली जन्मले. १९५४ साली ते ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले, १९५६ साली क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, आणि १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा या खेळाचा पहिला पुरस्कार त्यांनाच मिळाला. तो जमाना लाकडी फ्रेमचा होता. खेळ संपला की रॅकेट चार स्क्रूंच्या प्रेसमध्ये आवळून ठेवायची, नाहीतर दमट हवेत ती पिळायची. आजचं टेन्शन त्या लाकडाला झेपलंच नसतं. नाटेकरांचं नाव झालं ते मनगटाच्या नजाकतीनं.

तेव्हा २६नं खेळायचं ठरलं असेल, तर निवड अशी करावी: ३यू वजन, पेटीसारखा छेद, छापील मर्यादा २९-३०, म्हणजे आडव्या तारांचे दोन पौंड धरूनही वर थोडी जागा उरते. मॉडेल बाजारात येऊन दोन-तीन वर्षं झालेलं असलं तर उत्तम. हॉलमध्ये कुणाकडे कुठे तुटलं याची चर्चा तोवर झालेली असते. पक्कं बिल घ्यावं, कारण नकली मालाचा सुळसुळाट सगळ्यात जास्त नावाजलेल्या मॉडेलांतच आहे, आणि नकली फ्रेम गटिंगच्या टेबलावरच तुटली तर दुकानदार आणि गटिंगवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. बहुतेक कंपन्या क्लॅशनं किंवा मर्यादेबाहेरच्या टेन्शननं तुटलेली रॅकेट बदलून देत नाहीत, हेही आधीच माहीत असलेलं बरं. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या बंद डिकीत रॅकेट ठेवू नये. उन्हात तापलेल्या डिकीत इपॉक्सी थोडी मऊ पडते आणि वर तारांचा भार तसाच असतो.

क्लॅश झाला की फ्रेमवरून नख फिरवावं. रंगाचा टवका उडाला असेल तर नख खळग्यातून गुळगुळीत जातं. चीर असेल तर अडकतं. कास्टिंगवर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखणारे लोक इथे आहेतच. गटिंग काढलेल्या फ्रेमला बोटानं टिचकी मारत गोल फिरावं, चिरेपाशी आवाज बसका येतो. शंका असली तर त्या फ्रेमवर पुढचं गटिंग दोन-तीन पौंड उतरवून करावं, किंवा करूच नये.

तुटलेली फ्रेम जोडून देणारे कारागीर आता मोठ्या शहरांत आहेत. आत नवा तुकडा घालून, बाहेरून कार्बनचं कापड गुंडाळून, इपॉक्सी पिकवून ते घासून रंगवतात. काम चांगलं झालं तर जोड शोधावा लागतो, पण डोक्याकडे दोन-चार ग्रॅम वाढतात आणि तोल बदलतो. अशा फ्रेमला २० ते २२ पौंडांपेक्षा जास्त देऊ नये आणि स्पर्धेला ती नेऊ नये. सरावाला, नाहीतर घरातल्या पोरांना शिकवायला ती चालते. जोडणीचा दर नव्या मधल्या किमतीच्या रॅकेटच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेला, तर सरळ नवी ३यू घ्यावी आणि जुनीचे ग्रोमेट काढून ठेवावेत. त्याच मॉडेलच्या रॅकेटला ते उपयोगी पडतात.